हवा, ब्रेक आणि चेन : नववीच्या मुलांना सायकलीत सापडलेलं विज्ञान

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या शाळेत दरवर्षी तेच दृश्य दिसतं. थर्माकोल, रंगाच्या डब्या आणि खाण्याचा सोडा घालून फसफसणारा ज्वालामुखी. पालकांचे तीन-चारशे रुपये जातात, अर्धं काम घरातली मोठी बहीण करते आणि प्रदर्शन संपलं की सगळं कचऱ्यात. मुलाला विचारलं, "बेटा, यातून काय कळलं?" तर तो पाठ केलेली चार वाक्यं म्हणतो.

या वेळी मी नववीच्या एका गटाला अट घातली. बाजारातून काहीही विकत आणायचं नाही. शाळेच्या स्टँडवर जी वस्तू रोज उभी असते तिचाच अभ्यास करायचा. गटात सहा जण होते, चार मुली आणि दोन मुलगे. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, सायकल में क्या साइन्स है?"

पुढचे पाच आठवडे आम्ही तेच शोधलं. सामान एवढंच : खडू, मोजपट्टी, सुतळी, माझ्या मोबाइलचं स्टॉपवॉच आणि किराणा दुकानातून अर्ध्या दिवसासाठी मागून आणलेला वजनकाटा. हे सगळं तुम्हाला घरी मुलांबरोबर करता येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्दांबद्दल थोडं. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घर्षणाला रगड म्हणून शिकतात, ऊर्जेला तवानाई आणि जडत्वाला जमूद. पुढे कॉलेजात गेल्यावर तेच शब्द वेगळ्या भाषेत समोर येतात आणि हुशार मूलही गांगरतं. म्हणून आमच्या तक्त्यावर प्रत्येक शब्द उर्दू आणि मराठी दोन्हींत लिहिला. तुमच्या घरातही हे करून पाहा.

सायकल पडत का नाही?

पहिला प्रश्न मुलांनीच काढला. उभी सायकल सोडली की पडते, मग चालती सायकल का पडत नाही? वर्गात उत्तर आलं की चाक फिरतं म्हणून. फिरणारा भोवरा उभा राहतो, तसं.

आम्ही मैदानात रिकामी सायकल धावत ढकलून सोडून दिली. ती कुणी न बसता बऱ्यापैकी लांब गेली आणि वेग कमी झाल्यावरच पडली. मग हँडल सुतळीने फ्रेमला घट्ट बांधलं आणि तसंच ढकललं. चाकं तशीच फिरत होती, तरी सायकल लगेच आडवी. म्हणजे नुसतं चाकाचं फिरणं पुरेसं नाही, हँडल मोकळं लागतं.

कारण समजायला काठीचा खेळ आठवा. तळहातावर काठी उभी धरली आणि ती डावीकडे कलली, तर आपण हात डावीकडे नेतो, काठीच्या खाली. सायकल हेच करते. ती डावीकडे कलली की पुढचं चाक आपोआप थोडं डावीकडे वळतं आणि चाकं पुन्हा वजनाच्या खाली येतात. सायकल क्षणोक्षणी पडत असते आणि क्षणोक्षणी सावरत असते. नवीन शिकणारं मूल हँडल घट्ट आवळून धरतं म्हणूनच पडतं. त्याला "हात ढीले छोड" म्हणणारी दादी विज्ञानच सांगत असते.

हा प्रश्न मोठ्यांनाही सुटायला सोपा गेलेला नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 'फिजिक्स टुडे' मासिकात लेख लिहिला. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम घालवून टाकला. तरीही ती सायकल त्याला चालवता आली. दुसरं कारण सांगितलं जायचं ते पुढच्या फोर्कच्या तिरकेपणाचं. फोर्क ज्या दांड्यात फिरतो त्याची रेष सुतळी धरून जमिनीपर्यंत नेली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या काही सेंटिमीटर पुढे पडते. त्यामुळे ट्रॉलीच्या चाकासारखं पुढचं चाक मागे ओढलं जातं आणि सरळ राहतं. पण २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली एक विचित्र सायकल बनवली, आणि तीही ढकलल्यावर स्वतःला सावरत गेली. पुढच्या भागाचं वजन कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं, हे त्यातून दिसलं.

मुलांना मी मुद्दाम हे सांगितलं. जगात सायकल आली तिला दोनशे वर्षं झाली. जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने १८१७ साली पायडल नसलेली, पायाने जमीन ढकलत चालवायची दुचाकी काढली होती. आणि तिच्या तोल सांभाळण्यावर २०११ पर्यंत संशोधन चालू होतं. म्हणजे पुस्तकात सगळं संपलेलं नसतं.

टायरची हवा आणि दहा मजले

शाळेत व्हीलचेअरसाठी बांधलेला उतार आहे. त्याची उंची आम्ही मोजली, ४५ सेंटिमीटर. एक मुलगी सायकलवर बसून उताराच्या वरून निघायची, पायडल अजिबात मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही. सायकल जिथे थांबेल तिथे खडूची रेघ. प्रत्येक वेळी तीनदा करून सरासरी काढली.

मुलगी आणि सायकल मिळून वजन ६२ किलो. सायकल काट्यावर नीट राहीना, म्हणून एक मुलगा ती उचलून काट्यावर उभा राहिला आणि त्याचं वजन वजा केलं. ही युक्ती त्यांचीच.

हवा पूर्ण भरलेली असताना सायकल ३४ मीटर गेली. थोडी कमी केल्यावर २७ मीटर. अंगठ्याने सहज दबेल इतकी नरम केल्यावर फक्त १९ मीटर.

आता हिशेब. वर असताना सायकलीकडे उंचीची ऊर्जा होती. ती ऊर्जा रगडीत आणि थोडी वाऱ्यात संपली तेव्हा सायकल थांबली. म्हणून उंची भागिले अंतर केलं की, अडवणारं बल वजनाच्या कितवा हिस्सा आहे ते सरळ निघतं. पूर्ण हवेला ०.४५ भागिले ३४, म्हणजे सुमारे ७६ वा हिस्सा. ६२ किलोच्या ७६ व्या हिश्शाला साधारण ८०० ग्रॅम. जणू एक दोरी सायकलला बांधून, पुलीवरून नेऊन, दुसऱ्या टोकाला ८०० ग्रॅमचं वजन लटकवलंय आणि ते आपल्याला मागे ओढतंय. नरम टायरला हाच हिशेब केला तर ४२ वा हिस्सा, म्हणजे दीड किलो.

फरक ७०० ग्रॅमच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण गटातल्या एका मुलीचं घर शाळेपासून तीन किलोमीटर आहे. तीन किलोमीटर हे जादा वजन ओढायला जी तवानाई लागते तेवढ्यात ६२ किलो वजन ३० मीटरहून जास्त उंच नेता येतं. म्हणजे नरम टायर घेऊन शाळेत येणं म्हणजे रोज सकाळी सायकलसकट दहा मजले जास्तीचे चढणं, आणि दुपारी पुन्हा दहा. ती मुलगी आकडा बघून म्हणाली, "म्हणून पहिल्या तासाला मला झोप येते!"

ही ऊर्जा जाते कुठे? नरम टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की परत फुगतो. दबताना रबर जेवढी ऊर्जा घेतं तेवढी परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते. हवा जास्त असेल तर रबर कमी दबतं. पूर्वी सायकलींना भरीव रबर असायचं. १८८८ साली जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली आणि तिथून हवेचे टायर जगभर गेले.

चेनचा सौदा

पुढे आम्ही दाते मोजले. पायडलच्या चक्राला ४४, मागच्या छोट्या चक्राला १८. ४४ भागिले १८, म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. टायरवर खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजला, २.२ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे. आता प्रत्येकाने आपल्या घरापासूनचं अंतर नुसते फेरे मोजून काढलं. तीन किलोमीटरवाल्या मुलीला साधारण ५५५ फेरे लागतात.

पण फुकट काही मिळत नाही. अंतर वाढलं तर जोर कमी होतो. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या ३५, त्यात चेनचं हे गणित घातलं की कळतं, पायाने पाच किलोचा जोर दिला तर रस्त्यावर चाक फक्त एक किलोच्या जोराने ढकलतं. सपाट रस्त्यावर तेवढं पुरतं. आमच्या गावच्या रेल्वे पुलावर मात्र पुरत नाही. तीस मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर ६२ किलोचा तीसावा हिस्सा म्हणजे दोन किलो चढासाठी, अधिक ८०० ग्रॅम टायरचे. एकूण पावणेतीन-तीन किलो, गुणिले पाच. पायाला सरासरी १४ किलोचा जोर लागतो. टायर नरम असेल तर १८ किलो. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जोर वाया जातो, म्हणून मधल्या भागात त्याहून जास्त लावावा लागतो. मुलं सीटवरून उठून उभी राहतात ती याचसाठी, शरीराचं सगळं वजन पायडलवर टाकायला.

गियरच्या सायकलीत चढाला मागचं मोठं चक्र लावतात, म्हणजे अंतर कमी आणि जोर जास्त. साध्या सायकलीला ती सोय नाही. तिथे उतरून चालणं यात लाज कसली? गणितच तसं आहे.

वाऱ्याचंही सांगायला हवं. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून उशीर झाल्यावर जीव तोडून मारलेली सायकल दमवते जास्त आणि वेळ वाचवते कमी. दहा मिनिटं आधी निघणं स्वस्त पडतं.

ब्रेक : इथे गणित गमतीचं राहत नाही

मैदानात दहा मीटर अंतरावर दोन रेघा आखल्या. ते अंतर ३.६ सेकंदांत पार केलं तर वेग ताशी १० किलोमीटर, १.८ सेकंदांत केलं तर २०. दुसऱ्या रेघेवर ब्रेक दाबायचा. ताशी १० च्या आसपास सायकल १.७ मीटरमध्ये थांबली, ताशी २० ला ६.९ मीटर लागले. मुलांना वाटलं होतं वेग दुप्पट तर अंतर दुप्पट. ते चौपट निघालं, कारण चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

त्यात डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरा. एक सेकंद म्हटला, तरी ताशी २० ला सायकल तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. एकूण साडेबारा मीटर. बोळातून रिक्षा अचानक पुढे आली तर साडेबारा मीटर मोकळे मिळतात का, हे आपापल्या गल्लीत जाऊन बघा.

नुसता मागचा ब्रेक लावून ताशी १० ला थांबायला ३ मीटर लागले. ब्रेक लावताच जमूदमुळे वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि त्याची पकड कमी होते. खरं थांबवतो तो पुढचा ब्रेक. पण उतारावर एकटा पुढचा ब्रेक जोरात आवळला तर चाक थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे जातो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत न्यायचे, आणि अंग थोडं मागे ठेवायचं. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं. आधी दोन-तीनदा हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्यायची आणि वेग कमीच ठेवायचा.

मुलींनी एक मुद्दा स्वतः घातला, ओढणीचा. ताशी १५ ला चाक सेकंदाला जवळजवळ दोन फेरे फिरतं. चाकात किंवा चेनमध्ये टोक अडकलं तर हात पोहोचायच्या आत सगळी ओढणी गुंडाळली जाते आणि गळ्याला हिसका बसतो. ओढणी, बुरखा, नकाब नीट आवरून, टोकं पिनने अडकवून बसायचं. चेन कव्हर आणि मागच्या चाकाची जाळी काढून टाकू नका. दिसायला जुनाट वाटते म्हणून लोक काढतात.

ज्या दुकानात जायचं टाळत होतो

आता एक गोष्ट, जी तक्त्यावर लिहिली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, बाजारातल्या सायकलच्या दुकानात जाऊन विचारा, पंक्चर कसं सापडतं, चाक वाकडं झालं तर कसं काढतात. गटातला एक मुलगा म्हणाला, "सर, वो दुकान बंद रहता है." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी एका मुलीने मला बाजूला येऊन सांगितलं, "सर, ते दुकान त्याच्या अब्बांचं आहे."

त्याच्या प्रवेश अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिलेला होता. का, ते मला विचारावं लागलं नाही. पंक्चरवाला हा शब्द आजकाल मोबाइलवर कशासाठी वापरतात, कुणाला हिणवायला वापरतात, हे आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाने वाचलेलं आहे. मी स्वतः त्या दुकानात किती वर्षं पंक्चर काढून घेतोय. दहा-वीस रुपये दिले आणि निघालो. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात बसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मी मुलाला समजावत बसलो नाही. पूर्ण गट घेऊन जुम्याच्या दुपारी दुकानात गेलो.

त्याच्या अब्बांनी वाकडं चाक स्टँडवर चढवलं आणि तारांवर बोट मारत गेले, सतारीसारखं. ढिल्या तारेचा आवाज खाली येतो, ताणलेलीचा वर. आवाज ऐकून ते चावी फिरवायचे. मुलांनी तारा मोजल्या, पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०. मागे जास्त का? वजन मागे जास्त असतं आणि चेनचा जोरही मागच्याच चाकावर येतो. एवढ्या बारीक तारा माणसाचं वजन कशा पेलतात, तर प्रत्येक तार आधीपासून ताणलेली असते म्हणून. चाक जमिनीला टेकतं तिथल्या तारांचा ताण थोडा कमी होतो, पण त्या ढिल्या पडत नाहीत. एक तार ढिली राहिली तर बाकीच्यांवर भार येतो आणि चाक डुलतं.

मग परीक्षा झाली. एकाच सायकलीत मुलांनी तीन वेळा वेगवेगळी हवा भरली आणि कितवी जास्त, कितवी कमी, ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी अंगठ्याने दाबून तिन्ही वेळा सांगितलं. उतारावर ३४, २७ आणि १९ मीटर हे आकडे त्याच तीन हवांचे आहेत. क्रम एकदाही चुकला नाही.

मुलगी वहीत लिहीत होती. ते म्हणाले, "इसमें लिखने का क्या है, बेटा? ये तो रोज का काम है." तेव्हा त्यांचा मुलगा, जो इतका वेळ मागे उभा होता, पुढे आला आणि म्हणाला, "अब्बा, वो तार वाला फिर से बताओ. धीरे."

प्रदर्शनात आमच्या गटाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी विचारलं, "मॉडेल कुठे आहे?" मुलांनी सायकलकडे बोट दाखवलं, ते त्यांना पटलं नसावं. पण त्याआधीच्या शनिवारी मुलांनी शाळेच्या स्टँडवरच्या सगळ्या ४३ सायकली तपासल्या होत्या. २७ मध्ये हवा कमी. १९ सायकलींचा एक तरी ब्रेक लागत नव्हता. त्यातल्या काही मुली रोज रेल्वे पुलावरून उतरतात. त्या मुलाचे अब्बा हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि दुपारपर्यंत बसून सगळे ब्रेक नीट करून दिले. रबर आणि तारेचे पैसे शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी करून दिले, मजुरी त्यांनी घेतली नाही.

घरी काय कराल

आपल्याकडे बऱ्याच तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते, पण तिच्याकडे नंतर कुणी बघत नाही. मग एक दिवस मुलगी पडते आणि घरात निकाल लागतो, "बस, अब सायकल बंद." कधी कधी सायकलीबरोबर शाळाही बंद होते. माझ्या वर्गातून अशा मुली गेल्या आहेत. खरा दोष एका झिजलेल्या रबराचा असतो.

म्हणून आठवड्यातून एकदा, जुम्याला किंवा रविवारी, पाच मिनिटं द्या.

टायर अंगठ्याने दाबा. सहज दबला तर हवा भरा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

सायकल हाताने पुढे ढकलत आधी पुढचा ब्रेक दाबा, मग मागचा. प्रत्येक वेळी ते चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. ब्रेकचं रबर रिमलाच लागतंय, टायरला घासत नाही, हे पाहा.

चाक उचलून फिरवा. डुलत असेल तर तारा कसून घ्या.

चेन हाताने हलवून पाहा. फार लोंबत असेल तर उतरेल. कोरडी असेल तर दोन थेंब तेल, जास्त नको, धूळ चिकटते.

दप्तर हँडलला लटकवू नका. हँडल मोकळं वळलं नाही तर सायकल स्वतःला सावरू शकत नाही. सुतळी बांधलेली सायकल कशी आडवी झाली ते वर सांगितलंच आहे.

आणि हे काम मुलालाच नाही, मुलीलाही शिकवा.

नवीन वर्षाचे अर्ज गेल्या आठवड्यात भरून घेतले. दहावीत गेलेल्या त्या मुलाने वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात उर्दूत लिहिलंय, 'साइकिल मरम्मत'.